दिवसा एकदा, अंधारात एकदा : गोगलगायींतून उंदरांच्या पर्णकृमींचा माग

उंदीर आणि घुशी यांच्या पोटातले चपटे कृमी शोधायचे म्हटले की बहुतेकांना आधी सापळा आठवतो. उंदीर धरायचा, मारायचा, आतडे उघडायचे आणि कृमी वेचायचे. पण पर्णकृमींचे अर्धे आयुष्य उंदराबाहेर, गोड्या पाण्यातल्या गोगलगायीच्या शरीरात जाते. एकही उंदीर न मारता तिथूनच त्यांचा माग काढता येतो. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, महाविद्यालयीन शिक्षक आणि पशुवैद्यक यांना साध्या सूक्ष्मदर्शकावर करता येईल अशी ती कृती इथे दिली आहे.

या कृतीचा गाभा वेळेत आहे. गोगलगायी सहसा सकाळी उजेडात तपासल्या जातात. उंदीर मात्र संध्याकाळी आणि रात्री पाण्यावर येतात, आणि त्यांचे काही कृमीही गोगलगायीतून त्याच सुमारास बाहेर पडतात. म्हणून सकाळी तपासून "काही नाही" असे लिहिणे हे अर्धेच काम ठरते.

कृमीचा प्रवास थोडक्यात

पर्णकृमी बहुधा पानासारखा चपटा असतो. उंदराच्या शरीरात तो प्रौढ होतो आणि अंडी घालतो, म्हणून उंदीर हा त्याचा अंतिम पोषी. अंडी विष्ठेबरोबर पाण्यात पडतात. अंड्यातून मिरॅसिडियम नावाचा केसाळ डिंभ निघून गोगलगायीत शिरतो. काही जातींत गोगलगाय अंडेच खाते आणि डिंभ तिच्या पोटात बाहेर पडतो. गोगलगाय हा पहिला मध्यस्थ पोषी. तिच्या शरीरात स्पोरोसिस्ट आणि बऱ्याच जातींत रेडिया या अवस्था वाढतात. एका मिरॅसिडियमपासून अशा रीतीने हजारो सर्केरिया तयार होऊ शकतात. सर्केरिया म्हणजे शेपूट असलेला, पोहणारा डिंभ.

गोगलगायीतून बाहेर पडल्यावर सर्केरियाच्या वाटा वेगळ्या होतात. शिस्टोसोमा गटाचे सर्केरिया थेट कातडीतून आत शिरतात. नोटोकोटायलस गटाचे सर्केरिया पाणवनस्पतीवर किंवा शंखावर चिकटून कवचबंद होतात. एकायनोस्टोमा गटाचे दुसऱ्या गोगलगायीत किंवा बेडकाच्या पिल्लात शिरतात, तर प्लॅगिऑर्किस गटाचे पाण्यातल्या कीटकांच्या अळ्यांत. कवचबंद डिंभाला मेटासर्केरिया म्हणतात. उंदराने ते पान, ती गोगलगाय किंवा तो कीटक खाल्ला की चक्र पूर्ण होते.

वेळ का पाहायची

कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर शिस्टोसोमा मॅन्सोनाय हा कृमी माणसांत होता आणि काळ्या उंदरांतही. फ्रेंच संशोधक आंद्रे तेराँ यांनी १९८४ मध्ये दाखवले की माणसांमध्ये फिरणाऱ्या कृमीचे सर्केरिया गोगलगायीतून दुपारच्या सुमारास निघतात आणि उंदरांमध्ये फिरणाऱ्या कृमीचे दिवस कलल्यावर. जात एकच, गोगलगाय एकच, तरी बाहेर पडण्याची वेळ निराळी. पुढे या दोन प्रकारांचा संकर करून ही वेळ आनुवंशिक असल्याचेही स्पष्ट झाले. चीनच्या आनह्वी प्रांतात शिस्टोसोमा जापोनिकमच्या बाबतीत असेच आढळले : गुरे चरणाऱ्या पाणथळ भागात सर्केरिया दिवसा लवकर निघतात, उंदीर जास्त असलेल्या डोंगराळ भागात दुपार उलटल्यावर उशिरा. ओमानच्या धोफार भागात तर शिस्टोसोमा मॅन्सोनायचा रात्री निघणारा प्रकार सापडला आणि तिथल्या उंदरांतही हा कृमी मिळाला. आफ्रिकेतला शिस्टोसोमा रोधाइनी हा मुळात उंदरांचा कृमी. त्याचे सर्केरियाही रात्रीच निघतात.

कातडीतून शिरणाऱ्या कृमींना हा नियम विशेष लागू पडतो, कारण सर्केरिया जेमतेम दीड-दोन दिवस जगतो आणि कातडी भेदण्याची त्याची ताकद पहिल्या काही तासांतच ओसरू लागते. पोषी पाण्यात असेल त्याच वेळी बाहेर पडणारा सर्केरिया टिकतो. दुसऱ्या मध्यस्थ पोषीत शिरणाऱ्या सर्केरियाची वेळ उंदरापेक्षा त्या दुसऱ्या पोषीच्या हालचालींशी जुळते. प्लॅगिऑर्किस एलेगन्स अंधार पडल्यावर बाहेर पडतो, कारण त्याला कीटकांच्या अळ्या गाठायच्या असतात. वेळेवरून निष्कर्ष काढताना हा फरक कायम ध्यानात ठेवावा.

आपल्याकडचे पाणी आणि आपल्याकडची गोगलगाय

भाताची खाचरे, गावतळी, कालव्यांच्या कडेची डबकी, भंडारा-गोंदियाकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव ही या कामाची ठिकाणे. पावसाळा सरल्यावर पाणी निवळते, वनस्पती वाढलेली असते आणि गोगलगायीही भरपूर असतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा.

इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस ही चकतीसारखी गुंडाळलेली तपकिरी गोगलगाय इथली सर्वांत महत्त्वाची मध्यस्थ पोषी आहे. गुराढोरांचा शिस्टोसोमा स्पिंडेल, नाकातल्या गाठींचा शिस्टोसोमा नेझेल आणि अनेक एकायनोस्टोम तिच्यात वाढतात. आर्टिफेकायनोस्टोमम हा एकायनोस्टोम त्यांपैकीच. क्लेटन लेन यांनी १९१५ मध्ये आसाममधल्या एका मुलीच्या शरीरातून मिळालेल्या कृमींवरून त्याचे वर्णन केले. पुढे तो डुकरांत आणि उंदरांतही आढळला. उंदराचा कृमी माणसापर्यंत पोहोचू शकतो याचे हे आपल्या देशातले उदाहरण. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली गोगलगाय खाणे ही त्याची वाट.

आधी सुरक्षितता

१. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. कोकणात दर पावसाळ्यात हा आजार डोके वर काढतो. अनवाणी पाण्यात उतरू नका. गमबूट आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घाला. हातापायावर जखम असेल तर त्या दिवशी पाण्याचे काम दुसऱ्याकडे द्या.

२. सर्केरिया असलेल्या पाण्यात हात घालू नका. गुरांचे किंवा पक्ष्यांचे सर्केरियाही माणसाच्या कातडीत शिरतात. तिथे ते मरतात, पण पुरळ आणि तीव्र खाज येते. डब्ल्यू. डब्ल्यू. कोर्ट यांनी १९२८ मध्ये मिशिगनमध्ये अशा खाजेचे कारण सर्केरिया असल्याचे दाखवून दिले. भातलावणीत पायांना येणाऱ्या खाजेमागेही पुष्कळदा हेच असते.

३. "आपल्याकडे माणसाचा शिस्टोसोमा नाही" असे गृहीत धरू नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमाचे रुग्ण आढळल्याचे गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये नोंदवले आणि पुढे फेरिसिया टेनुइस या चिमुकल्या गोगलगायीकडे मध्यस्थ पोषी म्हणून बोट दाखवले गेले. ही गोगलगाय पानांच्या खालच्या बाजूला चिकटते आणि सहज नजरेतून सुटते.

४. कामाच्या टेबलावर ७० टक्के अल्कोहोलची बाटली आणि कोरडा टॉवेल हाताशी ठेवा. पाण्याचा थेंब अंगावर उडाला तर लगेच टॉवेलने पुसा आणि त्या जागी अल्कोहोल चोळा. थेंब आपोआप वाळू देऊ नका. वाळत्या थेंबातले सर्केरिया कातडीत शिरायला वेळ लावत नाहीत.

५. नंतरच्या काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "मी तळ्यात, उंदरांच्या वावराच्या जागी काम केले होते" हे आवर्जून सांगा.

साहित्य

पाण्यावर : लांब दांड्याची चाळणी किंवा जाळी, बोथट चिमटा, पांढरा पसरट ट्रे, झाकणाला भोके पाडलेले प्लास्टिकचे डबे, ओले सुती कापड, थर्मामीटर, पेन्सिल, वही, झिपची छोटी पिशवी.

टेबलावर : सुमारे २५ मिलीच्या रुंद तोंडाच्या पारदर्शक काचेच्या बाटल्या (प्रत्येक गोगलगायीला तीन), क्लोरीन उडून गेलेले पाणी, काळा कागद, टॉर्च, भिंग, ड्रॉपर, काचपट्ट्या आणि आच्छादन काचा, पेट्री डिश, सूक्ष्मदर्शक, न्यूट्रल रेड, मेथिलीन ब्लू, आयोडीन, ९५ टक्के अल्कोहोल, लाल कागद लावलेला मंद दिवा.

नळाचे पाणी वापरायचे असेल तर उघड्या बादलीत २४ तास ठेवा. क्लोरीनने गोगलगायी आक्रसतात आणि सर्केरिया मरतात. सर्वांत चांगले म्हणजे ज्या जागी काम चालले आहे तिथलेच पाणी, दाट कापडातून दोनदा गाळून आणि उकळून गार केलेले.

भाग पहिला : जागा वाचणे

पाण्यात हात घालण्यापूर्वी काठाने एक फेरी मारा. बांधात बिळे आहेत का, बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग आहे का, गवतातून पाण्याकडे जाणाऱ्या चिंचोळ्या मळलेल्या वाटा दिसतात का, हे पाहा. शेतातली घूस भाताच्या काड्या तिरक्या कापते. त्या ताज्या कापांवरून तिचा वावर कळतो. एखाद्या दगडाच्या आडोशाला किंवा बिळाच्या तोंडाशी फुटक्या शंखांचा ढीग मिळाला तर तो फार मोलाचा. तिथे उंदीर गोगलगायी खातात हे त्यावरून दिसते, आणि मेटासर्केरिया त्यांच्या पोटात जाण्याची वाटही.

या पाण्यावर दुसरे कोण येते तेही लिहा : म्हशी, बदके, बगळे, कुत्री, डुकरे. चिखलातल्या पावलांवरून हे समजते. ही यादी शेवटी फार उपयोगी पडते, कारण एका गोगलगायीत यांपैकी कुणाचाही कृमी असू शकतो.

नकाशावर पाण्याच्या काठाचे तीन भाग आखा : बिळांजवळचा, गुरे उतरतात तो, आणि दोन्हींपासून लांबचा. तिन्हींकडून गोगलगायी वेगवेगळ्या डब्यांत घ्यायच्या आहेत.

भाग दुसरा : गोगलगायी गोळा करणे

६. चाळणी पाणवनस्पतीच्या मुळांशी हळू फिरवा आणि ट्रेमध्ये उलटी करा. कमळाची पाने, शेवाळ, बुडालेल्या काटक्या उलटसुलट करून बघा. प्रत्येक भागात सारखा वेळ द्या, म्हणजे तुलना खरी ठरते.

७. जात ओळखा. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. तोंड उजवीकडे, शंख पातळ व टोकदार, आणि झाकण नाही, तर ती लिम्निया गटातली (रॅडिक्स ल्युटिओला वगैरे). तोंड डावीकडे असेल तर बाहेरून आलेली फायसा. चपटी चकती, मोठी असेल तर इंडोप्लॅनॉर्बिस, अगदी लहान असेल तर गायरॉलस. उंच, निमुळता शंख आणि तोंडाला झाकण असेल तर मेलॅनॉइडिस. जाडसर, पट्ट्यांचा, झाकण असलेला गोल शंख म्हणजे बेलामिया. त्याहून खूप मोठा आणि गोल म्हणजे पायला. इंडोप्लॅनॉर्बिसला डिवचले तर लालसर द्रव बाहेर येतो. तिच्या रक्तात हिमोग्लोबिन असते, त्यामुळे जखम झाली असे समजून ती फेकू नका.

८. मोठ्या आणि मध्यम गोगलगायी घ्या. कृमीची वाढ व्हायला आठवडे लागतात, म्हणून अगदी लहान पिल्लांत सर्केरिया मिळण्याची शक्यता कमी. प्रत्येक भागातून शक्य तर पन्नासहून जास्त गोगलगायी हव्यात. संसर्गाचे प्रमाण बहुधा कमी असते आणि दहा-वीस गोगलगायींत काही न मिळणे हा पुरावा होत नाही.

९. ओल्या कापडात आणि पाणवनस्पतीत गुंडाळून, भोके असलेल्या डब्यात आणा. पाणी भरून बंद केलेल्या बरणीत त्या वाटेतच गुदमरतात. डबा उन्हात ठेवू नका.

१०. जागा, तारीख, वेळ, पाण्याचे तापमान, भाग आणि जात प्रत्येक डब्यावर पेन्सिलीने लिहा. शाई भिजते, पेन्सिल टिकते.

भाग तिसरा : तीन बाटल्यांची तपासणी

११. घरी आल्यावर गोगलगायी मऊ ब्रशने पाण्याखाली धुवा. शंखावर चिकटलेले शेवाळ काढा, नाहीतर त्यातले सूक्ष्मजीव दृष्टीला फसवतात.

१२. रात्रभर क्लोरीन उडून गेलेल्या पाण्यात विसावू द्या. खोलीत खिडकीचा नैसर्गिक उजेड हवा आणि सूर्यास्तानंतर कृत्रिम दिवा नको. या कृतीत हे सर्वांत महत्त्वाचे. रात्री नळीचा दिवा जळत राहिला तर बाहेर पडण्याची वेळ बिघडते आणि पुढची सगळी मोजणी निरर्थक होते.

१३. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता प्रत्येक गोगलगाय १० मिली पाण्याच्या वेगळ्या बाटलीत ठेवा. ही "दिवसाची" बाटली. खिडकीशी ठेवा, पण थेट उन्हात नको. पाण्याचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस असावे.

१४. दुपारी ४ वाजता गोगलगाय ड्रॉपरने किंवा मऊ चिमट्याने उचलून "संध्याकाळच्या" ताज्या बाटलीत हलवा. रात्री ८ वाजता मंद लाल उजेडात "रात्रीच्या" बाटलीत हलवा. पहाटे ६ वाजता बाहेर काढा.

१५. प्रत्येक बाटली गोगलगाय बाहेर पडताच तपासा. रात्रीच्या बाटल्या सकाळी तपासल्या तरी चालतील, कारण गोगलगाय पुढे गेलेली असते आणि आता उजेडाने काही बिघडत नाही. बाटलीमागे काळा कागद धरा आणि बाजूने टॉर्च मारा. सर्केरिया पांढुरक्या, धडपडणाऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. काही प्रकार वर पोहून शेपूट थांबवतात आणि हळूहळू खाली येतात. काही उजेडाकडे जमतात.

१६. फसवे जीव ओळखा. एकपेशीय केसाळ जीव सरळ, संथ सरकतात. रोटिफर एका जागी चक्राकार हालचाल करतात. गोगलगायीच्या अंगावर कीटोगास्टर नावाचा छोटा वलयांकित किडा असतो. त्याला शेपूट नसते, राठ केसांचे झुबके असतात. सर्केरियाचे धड आणि शेपूट स्पष्ट वेगळे दिसतात.

१७. पहिल्या दिवशी काही न मिळालेल्या गोगलगायींना उकडलेल्या पालकाचे पान देऊन सांभाळा आणि आठवड्यातून एकदा तीन बाटल्यांची तपासणी पुन्हा करा. आत वाढत असलेला कृमी चार-सहा आठवड्यांनी बाहेर येऊ शकतो.

भाग चौथा : चोवीस तासांची मोजणी

ज्या गोगलगायींमधून सर्केरिया निघाले, फक्त त्यांच्यासाठी.

१८. एक दिवसाची विश्रांती द्या. नंतर सकाळी ६ पासून दर दोन तासांनी ताज्या बाटलीत हलवा, अशा बारा बाटल्या. दोघे-तिघे मिळून पाळ्या लावा.

१९. सुटलेल्या बाटलीत आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. सर्केरिया मरतात, तपकिरी होतात आणि मोजता येतात. चौकटी आखलेल्या पेट्री डिशमध्ये ओतून सर्व मोजा. फार झाले तर नीट ढवळून एक दशांश पाणी मोजा आणि दहाने गुणा.

२०. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर संख्या अशी आकृती काढा. शिखर कुठे येते ते पाहा. तीन दिवस हाच प्रयोग केला आणि शिखर त्याच वेळी आले, तर ती वेळ खरी.

भाग पाचवा : सर्केरियाचा प्रकार ओळखणे

काही जिवंत सर्केरिया काचपट्टीवर घ्या, न्यूट्रल रेडचा अगदी थोडा अंश मिसळा आणि आच्छादन काच ठेवा. कडेने टिपकागदाने पाणी हळूहळू ओढून घ्या. सर्केरिया अलगद दबतो आणि आतले अवयव दिसतात. नंतर दुसऱ्या नमुन्यावर सुमारे ७० अंशाचे गरम पाणी ओता. सर्केरिया सरळ ताठ होऊन मरतात आणि मोजमाप घेता येते.

हे पाहा :

शेपूट दुभागलेली, फाटे शेपटीच्या दांड्यापेक्षा आखूड आणि घसा नाही : शिस्टोसोमा गट. हातमोज्यांशिवाय पुढे जाऊ नका.

शेपूट दुभागलेली, फाटे लांब आणि घसा स्पष्ट : स्ट्रिजीड आणि डिप्लोस्टोम गट, बहुधा पक्ष्यांचे.

डोक्याभोवती काट्यांची पट्टी, शेपूट साधी : एकायनोस्टोमा गट. काट्यांची संख्या मोजा. जात ओळखायला तीच कामी येते. उंदीर, घूस, डुक्कर, बदक या सर्वांत यांच्या जाती आहेत.

तोंडाच्या चूषकात सुईसारखा काटा : प्लॅगिऑर्किस आणि संबंधित गट. यांत उंदरांच्या जाती आहेत, तशा पक्ष्यांच्या आणि बेडकांच्याही.

पोटावरचा चूषक नाही, डोळ्यांचे तीन काळे ठिपके : नोटोकोटायलस गट. पाणवनस्पती खाणाऱ्या उंदरांत आणि बदकांत.

मोठा, काळपट रंगाचा, दोन डोळे आणि धडाच्या मागच्या टोकाला चूषक : ॲम्फिस्टोम, गुराढोरांचा.

दोन चूषक, साधी लांब शेपूट, काटे नाहीत, काचेवर लगेच चिकटून कवच करू लागतो : फॅशिओला, म्हणजे यकृताचा पर्णकृमी.

प्रत्येक प्रकाराचे चित्र पेन्सिलीने काढा. छायाचित्र घेतले तरी चित्र काढाच. काढताना डोळा अवयव शोधतो. काही सर्केरिया ९५ टक्के अल्कोहोलमध्ये डीएनए तपासणीसाठी ठेवा.

भाग सहावा : उंदराची बाजू

सर्केरियाच्या प्रकारावरून गट कळतो, पोषी कळत नाही. दुवा जोडायला उंदराच्या लेंड्या लागतात.

२१. बिळांजवळच्या वाटेवरून ताज्या, ओलसर, गडद लेंड्या हातमोजे घालून उचला. प्रत्येक जागेच्या लेंड्या वेगळ्या पिशवीत ठेवा. जुन्या कोरड्या लेंड्यांतली अंडी बिघडलेली असतात.

२२. लेंड्या पाण्यात तासभर भिजवा, कुस्करा आणि चहाच्या गाळणीतून, मग मलमलीतून गाळा. उंच ग्लासमध्ये ओता आणि १५ मिनिटे स्थिर ठेवा. वरचे पाणी हलकेच ओतून टाका, पुन्हा पाणी घाला. पाणी नितळ होईपर्यंत असे करा. पर्णकृमींची अंडी जड असतात, तळाशी बसतात. मिठाच्या पाण्यात अंडी तरंगवण्याची नेहमीची पद्धत इथे उपयोगाची नाही.

२३. तळाच्या गाळात मेथिलीन ब्लूचा एक थेंब घाला. वनस्पतींचे तुकडे निळे होतात आणि पर्णकृमींची अंडी पिवळसर राहतात, म्हणून चटकन नजरेत भरतात. टोकाशी झाकण असलेले मोठे अंडे एकायनोस्टोम किंवा तत्सम. झाकण नसलेले, काटा असलेले अंडे शिस्टोसोमाचे.

२४. काही अंडी स्वच्छ पाण्यात, मंद उजेडात ठेवा. कित्येक जातींत दोन-तीन आठवड्यांत मिरॅसिडियम तयार होतो. त्याने प्रयोगशाळेत वाढवलेल्या निरोगी गोगलगायीला संसर्ग झाला आणि तोच सर्केरिया निघाला, तर दुवा पक्का. हे शक्य नसेल तर सर्केरिया आणि अंडी यांच्या डीएनएची तुलना विद्यापीठातल्या प्रयोगशाळेकडून करून घ्या.

उंदीर पकडून तपासण्याची गरज खरोखर पडली, तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी घेतल्याशिवाय ते काम हाती घेऊ नये.

निकाल कसा मांडायचा

प्रत्येक जात आणि प्रत्येक भाग यांसाठी संसर्गाची टक्केवारी वेगळी काढा. समजा बिळांजवळच्या ६० इंडोप्लॅनॉर्बिसपैकी ३ मध्ये सर्केरिया मिळाले, तर प्रमाण ५ टक्के. सगळ्या गोगलगायी एकत्र करून एकच आकडा देऊ नका. त्यात उंदराचा काठ आणि म्हशीचा काठ एकमेकांत मिसळतात.

मग चार गोष्टी शेजारी ठेवा : सर्केरियाचा प्रकार, बाहेर पडण्याची वेळ, काठावर येणारे प्राणी, आणि लेंड्यांतली अंडी. चारही एकाच दिशेला असतील तर "या पाण्यात उंदरांतून फिरणारा पर्णकृमी आहे" असे लिहा. तीन असतील तर "शक्यता आहे" असे लिहा. फक्त वेळ जुळत असेल तर वेळ नोंदवून थांबा. रात्री निघणारा प्रत्येक सर्केरिया उंदराचा नसतो, जसा सकाळी निघणारा प्रत्येक सर्केरिया गुराचा नसतो.

आवरणे

सर्केरियाचे सर्व पाणी उकळून किंवा ब्लीच घालून तासाभराने ओता. बाटल्या उकळत्या पाण्यातून काढा. तपासलेल्या गोगलगायी दुसऱ्या पाण्यात सोडू नका, त्यांच्याबरोबर कृमी आणि परक्या जाती दोन्ही पसरतात. शक्य असेल त्या, ज्या काठावरून आणल्या त्याच काठावर परत न्या. बाकीच्या गोठवून मग नष्ट करा.

शेवटचे काम टेबलावरचे नाही. मिळालेला निकाल त्या पाण्यावर अवलंबून असलेल्या माणसांना त्यांच्या कामाच्या शब्दांत सांगा. एकायनोस्टोम मिळाला असेल तर गोगलगायी पूर्ण शिजवूनच खाव्यात. दुभागलेल्या शेपटीचा सर्केरिया मिळाला असेल तर तो दिवसाच्या कोणत्या वेळी निघतो ते सांगा आणि त्या वेळी पोरांना पाण्यात उतरू देऊ नका, गुरे धुवू नका. गुरांच्या कृमींची नोंद पशुवैद्यकीय दवाखान्याला द्या. वेळेचा आलेख ज्याच्या पायाला खाज सुटते त्याच्या हाती पडला, तरच रात्री जागून केलेल्या मोजणीचा उपयोग झाला.